समुद्रकाठची पायपीट आणि पिठी-भात

दिवाळी उरकून हवेत जरा गारवा आला की आपल्याकडची तरुण मंडळी, आणि आता पन्नाशी ओलांडलेली मंडळीही, पाठीवर पिशवी टाकून आंबा घाट उतरतात. गाडीत बसून चार देवळे पाहण्यापेक्षा समुद्राच्या काठाकाठाने पायी फिरावे, ही हौस चांगलीच आहे. जयगडहून निघून मालगुंड, गणपतीपुळे, नेवरे, आरे-वारे करीत रत्नागिरी गाठायची तर सावकाश चालणाऱ्याला तीन-चार दिवस लागतात. परत आल्यावर पाय दुखतात, पण ते आपोआप बरे होतात. दवाखान्यात दाखवायला मंडळी येतात ती पोट.

याचे कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही. सकाळ चिवडा-शंकरपाळ्यांवर काढायची, दुपारी उन्हात शीतपेयाची बाटली रिकामी करायची आणि रात्री हॉटेलात तेलाचा तवंग आलेली पनीरची भाजी नाहीतर चायनीज. आणि गंमत अशी की, त्या हॉटेलाच्या मागच्या गडग्यापलीकडे, एखाद्या घराच्या चुलीवर, चालणाऱ्या माणसाला नेमके हवे तेच शिजत असते.

किनाऱ्यावरची हवा दमट. घाम येतो पण वाळत नाही, म्हणून अंग निवत नाही आणि घाम आणखी सुटतो. घामावाटे पाण्याबरोबर मीठही जाते. चार-पाच तास चालणाऱ्याला पाणी, मीठ आणि लवकर पचणारे पिष्टमय अन्न या तीन गोष्टी लागतात. तळलेले पदार्थ पोटात रेंगाळतात, ते चढणीवर त्रास देतात.

आता कोकणातले रोजचे जेवण पाहा. सकाळी मऊ भात, त्यावर मेतकूट, चमचाभर तूप, मीठ आणि लोणच्याची फोड. सिंधुदुर्गाकडे गेलात तर उकड्या तांदळाची पेज. हा तांदूळ टरफलासकट उकडलेला असतो. उकडताना कोंड्यातले ब-1 जीवनसत्त्व दाण्यात मुरते आणि पुढे सडताना कमी वाया जाते. गरम पेजेत पाणी, मीठ आणि पिष्ट तिन्ही एकाच वाडग्यात मिळतात. आजाऱ्याचे अन्न म्हणून आपण तिला नाक मुरडतो, हे बरे नव्हे.

दुपारी भात आणि कुळथाची पिठी. कुळथात शंभर ग्रॅममागे सुमारे 22 ग्रॅम प्रथिने असतात. नाचणीची भाकरी मिळाली तर सोडू नका. शंभर ग्रॅम नाचणीत 340 मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, तांदळात त्याचा दहावा हिस्साही नसतो. शेवटी वाटीभर सोलकढी. ती पित्त शमवते असे घरोघरी सांगतात. ते असो, पाणी आणि मीठ ती नक्की देते.

मग हे जेवण मिळत का नाही? मागितले जात नाही म्हणून. पाहुण्याला पिठी-भात कसा वाढायचा, असा संकोच त्या घरात असतो आणि घरगुती जेवणाची पाटी लावणाराही गिऱ्हाइकासाठी पनीर आणून ठेवतो. शिवाय लहान गावात भर दुपारी अचानक दारात उभे राहिलात तर चार माणसांचा भात कोठून यायचा? आदल्या संध्याकाळी मुक्कामाच्या घरी विचारावे, पुढच्या गावात कोण जेवण करून देते, आणि निरोप धाडावा. ‘काकू, उद्या दुपारी आम्ही चौघे चालत येतो आहोत. तुमच्याकडे रोज जे शिजते तेच वाढा,’ एवढे म्हटले की काम होते. ‘पिठी चालेल तुम्हाला?’ असा आश्चर्याचा प्रश्न हमखास येतो. दर आधी विचारून घ्यावा आणि मग घासाघीस करू नये.

वाटेतल्या खाण्यासाठी तांदळाची भाकरी, सुकी लसणाची चटणी आणि कांदा बांधून घ्यावा. ओल्या खोबऱ्याची चटणी उन्हात दुपारपर्यंत आंबते. सकाळचा भातही डब्यात नेऊ नये. कोमट राहिलेल्या भातात वाढणाऱ्या जंतूंचे विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही.

मासे खाणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. बांगडा, सुरमई, कुपा हे मासे बर्फाविना उन्हात राहिले तर त्यांत हिस्टामिन नावाचे द्रव्य तयार होते. ते शिजवून वा तळून नष्ट होत नाही. असा मासा खाल्ल्यावर थोड्याच वेळात तोंड लाल होते, डोके ठणकते, अंगावर गांधी उठतात आणि आपण म्हणतो, मासा बाधला. वास नसला तरी हे होऊ शकते. म्हणून डोळे चकचकीत, कल्ले लाल आणि बोटाने दाबल्यास खड्डा न राहणारा मासा पाहावाच, पण तो कधी उतरवला आणि बर्फात होता का, हेही विचारावे. दुपारनंतर टोपलीत उरलेला बांगडा स्वस्त मिळतो, तो घेऊ नये. शिजवल्यावर तोंड न उघडलेल्या तिसऱ्या बाजूला काढाव्यात.

पाणी उकळलेलेच प्यावे. समुद्राजवळच्या काही विहिरींचे पाणी मचूळ लागते, म्हणून तहान मारून चालत राहू नये. लघवी गडद पिवळी होऊ लागली की पाणी कमी पडते आहे असे समजावे. शहाळे उत्तम, पण त्यात पोटॅशियम भरपूर आणि घामातून जाणारे सोडियम त्या मानाने कमी, म्हणून सोबत काही खारट खावे. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी शहाळे डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. जुलाब लागलेच तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून ते थोडे थोडे पीत राहावे. जुलाबात रक्त पडले, ताप चढला किंवा पाणीही पोटात ठरेना, तर चालणे थांबवून जवळचे आरोग्य केंद्र गाठावे.

रक्तदाबासाठी मीठ कमी करायला सांगितलेल्यांनी सोलकढी आणि लोणच्याचा हिशेब निघण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरांशी करावा. इन्शुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांना जेवणाची वेळ टळणे महागात पडते. चालण्याने साखर आधीच उतरलेली असते आणि पुढचे गाव अर्ध्या तासावर म्हणता म्हणता दीड तास निघतो. त्यांनी साखरेची पुडी पिशवीच्या तळाशी न ठेवता सदऱ्याच्या खिशात ठेवावी आणि ती कोठे आहे हे सोबत्याला दाखवून ठेवावे.