नाणी, मोल आणि भाची

माझी भाची एम.एस्सी. आहे, रसायनशास्त्रात. औषधांच्या कारखान्यातली चांगली नोकरी सोडून तिनं बी.एड.ला प्रवेश घेतला, तेव्हा ताईनं मला तातडीनं बोलावून घेतलं. मी बँकेतला, म्हणजे हिशेबाचा माणूस! मीही हिशेब मांडला. २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचं झालंय; आमच्या वेळी वर्षभरात मास्तर होता येई. पुढे अभियोग्यता चाचणी, आणि निवड झालीच तर तीन वर्षं शिक्षणसेवक. माध्यमिक शाळेत त्याचं मानधन, २०२३ मध्ये वाढवल्यानंतर, महिना १८ हजार.

"कारखाना याहून जास्त देत होता ना?"

"हो मामा," ती म्हणाली. "तेवढं पाठाला बसता का? मला विद्यार्थी हवाय."

बी.एड.मध्ये सूक्ष्मपाठ नावाचा प्रकार असतो. पाच-सहा मिनिटांत एकच कौशल्य दाखवायचं, कधी प्रश्न विचारण्याचं, कधी फळ्यावर लिहिण्याचं. विद्यार्थी म्हणून बरोबरचेच प्रशिक्षणार्थी बसतात. त्यानंतर शाळेतले खरे पाठ. तिला नववीला 'मोल' शिकवायचा होता. टाचण सुरेख होतं. ६.०२२ गुणिले दहाचा तेविसावा घात, हा आकडाही तिनं ठसठशीत लिहिला. मी स्वतः रसायनशास्त्राचा बी.एस्सी., तरी चौथ्या मिनिटाला मला जांभई आली. तिनं ती पाहिली. खडू खाली ठेवला.

"मला येतं, मामा. पण शिकवता येत नाही."

तिचा चेहरा पाहून मला कॅश काउंटर आठवला. एस.टी.चे कंडक्टर, देवस्थानचे कारकून पिशव्या भरभरून चिल्लर आणत. ती कोण मोजत बसणार? आम्ही तोलायचो. पाच रुपयांचं जुनं जाड नाणं ९ ग्रॅमचं. पिशवीत ९०० ग्रॅम भरले की शंभर नाणी. हात न लावता मोजदाद!

ती उडालीच. अणू मोजता येत नाहीत, पण तोलता येतात. १२ ग्रॅम कार्बन तोलला की एक मोल अणू आले! रात्री दीडपर्यंत तिनं टाचण नव्यानं लिहिलं. मी जागाच होतो. १९८२ साली बी.एड.च्या प्रवेशाचं पत्र आणि बँकेचं नेमणूकपत्र एकाच आठवड्यात माझ्या हाती आलं होतं. वडील निवृत्तीला आलेले, ताईचं लग्न व्हायचं होतं. पहिलं पत्र मी कुणाला दाखवलंच नाही. ताईला ते आजही ठाऊक नाही. रविवारी पुरवणी वाचेल तेव्हा कळेल.

पाठ झाला त्या संध्याकाळी भाचीचा फोन आला. मागच्या बाकावरच्या एका मुलानं विचारलं होतं, "बाई, पिशवीत जाड आणि पातळ नाणी एकत्र असली तर?"

"मामा, तुम्ही काय करायचात?"

"वेगळी करायचो. नंतर आलेलं पाचाचं नाणं ६ ग्रॅमचं."

"क्लोरीनची अशी सहज वेगळी करता येत नाहीत हो! काही अणू ३५ चे, काही ३७ चे. साधारण तीनास एक. म्हणून सरासरी ३५.५. त्या पोरानं न शिकवता समस्थानिकं विचारली!" मग घाईघाईनं म्हणाली, "घरात जुनी नाणी आहेत का? सोमवारी हवीत."

देवघरातला डबा मी कालच रिकामा केलाय. जाड बावीस निघाली, पातळ एकोणतीस.