गुडघ्याचे दुखणे आणि त्याचे सोबती

भाताची लावणी असो वा भाजीपाल्याची खुरपणी, तासन् तास वाकून अथवा उकिडवे बसून काम करावे लागते. पन्नाशीच्या सुमारास अशा पुष्कळ स्त्रीपुरुषांचे गुडघे कुरकुरू लागतात. सांध्यातील हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत कूर्चा झिजते, सांधा आखडतो आणि उठता-बसता कळ येते. ‘वय झाले, चालायचेच,’ असे म्हणून आपण ते दुखणे अंगावर काढतो.

परंतु हे दुखणे बहुधा एकटे नसते. अशा रोग्यांपैकी अनेकांस उच्च रक्तदाब, मधुमेह, स्थूलता किंवा हृदयविकारही असतो. वाढते वय आणि वाढते वजन ही यांतील बहुतेकांची समान कारणे होत. शिवाय एक दुखणे दुसऱ्यास बळ देते. गुडघा दुखतो म्हणून चालणे थांबते. चालणे थांबले की वजन व रक्तातील साखर वाढते. मांडीचे स्नायू दुबळे होतात आणि गुडघ्यावरील भार आणखी वाढतो. झोप उडते, मन खचते. हे रहाटगाडगे वेळीच थांबविले पाहिजे.

वेदनाशामक गोळ्यांविषयी सावधगिरी

डायक्लोफेनॅक हे औषध पशुपालकांस परिचित आहे. ते टोचलेल्या जनावरांची मढी खाऊन गिधाडे मूत्रपिंड निकामी होऊन मरू लागली, म्हणून जनावरांसाठी त्याचा वापर भारतात २००६ साली बंद करण्यात आला. माणसाचे शरीर गिधाडासारखे नाही. वैद्यकीय सल्ल्याने हे औषध माणसांस आजही दिले जाते. तथापि या जातीच्या गोळ्या मनाने रोज घेतल्यास रक्तदाब वाढतो, जठरात व्रण होतो आणि मूत्रपिंडास इजा पोहोचू शकते. रक्तदाब वा मधुमेह असणाऱ्यांस हा धोका अधिक. पाणी न पिता उन्हात राबणाऱ्याने तर विशेष जपावे. शौचास डांबरासारखे काळे झाल्यास त्वरित रुग्णालय गाठावे.

नाव नसलेल्या पुड्यांपासून दूर राहावे. त्यांत स्टेरॉइड मिसळल्याचे प्रकार उघडकीस आले आहेत. त्याने तात्पुरता आराम पडतो, पण साखर वाढते व हाडे ठिसूळ होतात. अशी पुडी फार दिवस चालू असेल, तर ती एकाएकी न सोडता डॉक्टरांस दाखवावी.

काय करावे

१. तिशीनंतर उपकेंद्रात वा प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाब व साखर विनामूल्य तपासून घ्यावी. रक्तदाब वारंवार १४०/९० किंवा अधिक आढळल्यास उपचार सुरू करावेत.

२. वजन अधिक असल्यास उतरवावे. १ किलो वजन घटले, तर चालताना प्रत्येक पावलास गुडघ्यावरील भार सुमारे ४ किलोंनी हलका होतो.

३. खुर्चीवर बसून पाय सरळ करावा, पाचपर्यंत आकडे मोजून खाली ठेवावा. असे दररोज दोन्ही पायांनी १० वेळा करावे. सपाट वाटेवर झेपेल तितके चालावे.

४. खुरपणीस बुटके स्टूल अथवा लांब दांड्याचे अवजार वापरावे.

५. दवाखान्यात जाताना चालू असलेल्या सर्व गोळ्या सोबत न्याव्यात.

बैल लंगडू लागला की जाणता शेतकरी त्याचा नुसता पाय पाहत नाही; त्याचे खाणे, शेण, डोळे सारेच न्याहाळतो. स्वतःच्या देहाविषयी तीच दक्षता हवी. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी गुडघा धरून बसलेल्या प्रत्येकास एक प्रश्न अवश्य विचारावा: ‘रक्तदाब आणि साखर कधी तपासली होती?’