ट्रक भंगारात काढताना: गैरसमज आणि वस्तुस्थिती

सोयाबीन-तुरीच्या खेपा करून थकलेला ट्रक इंझोरीसारख्या गावात आधी आवारात उभा राहतो, मग भंगारात जातो. सौदा वजनावर ठरतो. निस्तरायच्या बाबी मात्र वजनकाट्यावर दिसत नाहीत.

गैरसमज : पंधरा वर्षं झाली की ट्रक मोडावाच लागतो.
वस्तुस्थिती : वयाची ती अट १ एप्रिल २०२३ पासून सरकारी गाड्यांना लागू आहे. आपल्याकडे खासगी ट्रकचं भवितव्य पासिंगवर ठरतं. पहिल्या आठ वर्षांनंतर ते दरवर्षी करावं लागतं.

गैरसमज : गाडी भंगारात विकली, विषय संपला.
वस्तुस्थिती : लोखंड गेलं तरी आरसीवर नाव मालकाचंच राहतं. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५५ नुसार गाडी कायमची निकामी झाल्याचं १४ दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर परिवहन कार्यालयाला कळवायचं असतं; इंझोरीकरांसाठी ते वाशिमला. बँकेचा बोजा असेल तर तो आधी उतरवावा. नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात गाडी दिल्यास जमा प्रमाणपत्र मिळतं आणि त्यावर नव्या गाडीचं नोंदणी शुल्क माफ होतं.

गैरसमज : डिझेलची टाकी रिकामी आहे, लावा कटर.
वस्तुस्थिती : रिकामी टाकीच घात करते. सांध्यात राहिलेलं डिझेल ज्योतीच्या उष्णतेने वाफ होऊन हवेत मिसळतं आणि भडका उडतो. टाकी सोडवून आख्खी बाजूला ठेवावी. टायरचंही तसंच. रिमवर ज्योत लागली की आतला दाब वाढून टायर फुटतो. म्हणून मागच्या जोडीतल्या आतल्या चाकासकट सगळ्या चाकांच्या व्हॉल्व्हच्या पिना काढून आधी हवा सोडावी.

गैरसमज : काळं ऑईल धुऱ्यावर ओतलं तर काय बिघडतं?
वस्तुस्थिती : त्यात झिजलेल्या इंजिनातले धातू असतात, पावसाबरोबर ते विहिरीपर्यंत पोचू शकतात. कायद्याने हा घातक कचरा आहे. इंजिन, गिअर आणि क्राउनचं ऑईल डब्यात काढून अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच द्यावं. बॅटरीही फोडू नये. आत शिसं आणि आम्ल असतं.

गैरसमज : भट्टीत सगळं लोखंड एकच होतं.
वस्तुस्थिती : जालन्याच्या भट्ट्यांत भंगारातून सळई बनते. वायरिंगमधलं तांबं एकदा पोलादात मिसळलं की वेगळं निघत नाही, आणि ते जास्त झालं तर तापलेलं पोलाद लाटताना तडकतं. शॉकअबसॉर्बरसारखा बंद नळकांड्याचा भाग न कापता भट्टीत गेला तर स्फोट होऊ शकतो. चेसिसचं पोलाद, इंजिन ब्लॉकचं बीड, रेडिएटर आणि वायर यांचे ढीग वेगळे केले तर भावही वेगवेगळा मिळतो.

थोडक्यात क्रम असा: कागदपत्रं, बॅटरी, ऑईल, टाकी, टायरची हवा, वायरिंग, कटर सगळ्यात शेवटी.