चिंधी मातीत कुजते का?

मे महिन्यात झाडं लावणारी शिबिरं मला पटत नाहीत. भर उन्हात खड्डा खणायचा, रोप उभं करायचं, फोटो काढायचा. पाऊस येईपर्यंत त्या रोपाची काडी झालेली असते. उन्हाळा लावणीचा नव्हे, तयारीचा काळ. बिया गोळा कराव्यात, शेणखत चाळावं, पिशव्या भराव्यात. भिवंडीतल्या एका शाळेच्या अंगणात आठवी-नववीची मुलं सुट्टीत हेच करतात. त्यांच्याबरोबर बसून मीही पिशव्या भरल्या आहेत.

मुलं सगळीकडची. पद्मानगरातल्या तेलुगू घरांतली, उर्दू बोलणारी, आसपासच्या गावांतली आगरी. कुणाचे वडील यंत्रमागावर, कुणाची आई घरी बसून धागे कापते. ‘वेस्ट’ म्हणजे काय हे त्यांना शिकवावं लागत नाही. रॅपियर मागावर कापडाच्या दोन्ही कडांना सुटलेली झालर कापून पोत्यात जाते. विणताना दोष राहिलेले ‘डागी’ तुकडे निराळे पडतात, शिलाईच्या कारखान्यांतून चिंधी येते. बॉयलरमध्ये चिंध्या आणि प्लॅस्टिक जाळल्याच्या तक्रारीही शहराला नव्या नाहीत.

रोपवाटिकेत काळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या वापरतात. लावणीनंतर त्या तिथेच रानात पडतात. त्याऐवजी डागी कापडाच्या पिशव्या शिवायच्या, असं इथे ठरलं. पण ते कापड मातीत कुजणार का, हे आधी कळायला हवं. त्यासाठी शाळेतल्या सरांनी जुनीच परीक्षा घेतली. चिमट्यात एक धागा, शेजारी पाण्याची थाळी आणि मेणबत्ती. सुती धागा भुरूभुरू जळतो, कागद जळाल्यासारखा वास येतो, मागे उरते बोटांनी चुरगळणारी राख. पॉलिएस्टर आधी आकसतो, मग वितळतो आणि थंड झाला की टोकाला कडक काळा मणी धरतो. टेरिकॉटमध्ये दोन्ही असतं, म्हणून राखेतही खडे लागतात.

“सर, हे तर आमच्या घरातलं फडकं,” एक मुलगी मणी चिमटीत दाबत म्हणाली. “आई याला कॉटन म्हणते.”

दुसऱ्या दिवशी ती घरून कापडांची गठडीच घेऊन आली. ढिगातलं सुती कापड अपेक्षेपेक्षा बरंच कमी निघालं. नवल नाही. आज जगात तयार होणाऱ्या धाग्यात निम्म्याहून अधिक वाटा एकट्या पॉलिएस्टरचा आहे, आणि भिवंडीच्या मागांवरही तो विणला जातो. हा आकडा पुस्तकात वाचला असता तर मुलं विसरली असती. इथे तो त्यांनी स्वतःच्या हातांनी दोन ढीग करून पाहिला.

पुढे सुती आणि पॉलिएस्टर या दोन्हींच्या पट्ट्या ओल्या खतात पुरल्या. महिन्याभराने उकरल्या तर सुती पट्टी ओढताच फाटली, दुसरी धुतल्यावर पुन्हा वापरता आली असती. 2024 च्या जूनमध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने शाळांतल्या इको क्लबसाठी आठवडाभराची उन्हाळी शिबिरं सांगितली होती. चांगलंच झालं. पण आठवड्यात विषयाची ओळख होते, कापड कुजत नाही. मुलांना दाखवायचं ते कुजणंच आहे, म्हणून काम सबंध सुट्टीभर चालावं.

पिशवी दुहेरी शिवावी लागते, नाहीतर रोज पाणी घालून तळ लवकर सुटतो. आत माती, चाळलेलं शेणखत आणि थोडी रेती. बिया याच दिवसांत मिळतात. करंजाच्या शेंगा झाडाखालीच पडलेल्या असतात. बी रात्रभर भिजवलं की पुरे. बहाव्याची शेंग हातभर लांब, काळी, फोडताना हात चिकट होतात. तिच्या बियांचं कवच इतकं टणक की पॉलिश पेपरवर घासल्याशिवाय पाणी आत शिरत नाही. जांभळाला थांबणं सोसत नाही. फळ खाऊन झालं की थोड्याच दिवसांत बी पेरावं लागतं. बहाव्याच्या बिया घासण्याचं काम कंटाळवाणं आहे आणि मुलांनी कंटाळायलाच हवं, असं मला वाटतं. तशी घासलेली बी रुजली, की त्या रोपाला पाणी घालायची आठवण कुणी करून द्यावी लागत नाही.

क. मा. मुन्शी यांनी 1950 मध्ये सुरू केलेला वनमहोत्सव जुलैच्या पहिल्या आठवड्यात येतो. मेमध्ये पेरलेल्या बीचं रोप तोवर वीतभरच असतं. गुरं आणि गवत यांच्यात ते तगत नाही. म्हणून ते वर्षभर सांभाळायचं, मधे पिशवी बदलायची आणि पुढच्या पावसात लावायचं. नववीत बी पेरणारा मुलगा तोवर दहावीत असतो. तेव्हा पालक त्याला अंगणातून ओढून क्लासला बसवतात. या कामातली खरी गळती इथे होते, उन्हामुळे नव्हे.

बाबा आमट्यांनी 1967 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या सोमनाथला तरुणांची श्रमसंस्कार छावणी सुरू केली, तीही मे महिन्यातच भरते. तिथे घर सोडून जावं लागतं. भिवंडीच्या मुलांना कुठे जायला नको; त्यांचा कचरा घराच्या उंबऱ्याशी आहे, म्हणून तो टाळताही येत नाही.

मागमालकांना एक विनंती. सुती डागी तुकड्यांचं पोतं मिश्र मालात घालू नका, वेगळं बांधून ठेवा, आणि परीक्षा संपायच्या आत जवळच्या शाळेला निरोप द्या. दहावीच्या मुलांच्या आईवडिलांनाही सांगणं आहे: आठवड्यातली एक सकाळ त्यांना त्यांच्या रोपांकडे जाऊ द्या.