पावसाचा थेंब आणि संगणकाचा हिशेब

इगतपुरीच्या घाटात आषाढसरी कोसळतात तेव्हा एक प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. हजार मीटर उंचीवरून सुटलेला थेंब केवळ पृथ्वीच्या ओढीने खाली आला असता, तर जमिनीशी पोचताना त्याचा वेग ताशी पाचशे किलोमीटर झाला असता. मग आपल्या छत्र्यांची चाळण का होत नाही?

कारण हवा थेंबाला अडविते. वेग दुप्पट झाला की हा अडथळा चौपट होतो. तीन मिलिमीटर व्यासाच्या थेंबाने सेकंदाला सुमारे ८ मीटर वेग गाठला की ओढ आणि अडथळा समसमान होतात; पुढे वेग वाढत नाही. पण तेथवर पोचेपर्यंत क्षणोक्षणी वेग किती, हे काढावयास कॉलेजातले कलनगणित लागते, अशी समजूत आहे. कारखान्याच्या दारात शिकलेल्या आम्हां मंडळींना ती वाट बंदच होती. संगणकाच्या हिशेबाची वाट मात्र गुणाकार-भागाकार येणाऱ्या कोणासही चालता येते.

काळाचे बारीक तुकडे पाडावयाचे. ०.१ सेकंदाचा एक तुकडा घ्या. आरंभी वेग शून्य, म्हणून अडथळाही शून्य. पृथ्वीची ओढ वेगात दर सेकंदाला ९.८ ची भर घालते; तेव्हा पहिल्या तुकड्याअखेर वेग ०.९८. आता ह्या वेगाला ८ ने भागा, आलेल्या संख्येचा वर्ग करा, तो १ मधून वजा करा, बाकीला ९.८ ने गुणा. ही झाली नवी भर, दर सेकंदाची. तिचा दहावा हिस्सा वेगात मिळवा : १.९५. पुन्हा तेच करा : २.८७. भर हळूहळू घटते आहे, हे ध्यानात येईल. असे करीत गेल्यास दोन सेकंदांत, अवघ्या बाराएक मीटरांच्या पडण्यात, थेंब आपल्या कमाल वेगाच्या अगदी जवळ येतो.

हाच क्रम यंत्राला लिहून दिला की झाली आज्ञावली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधलेला 'टिफ्रॅक' १९६० साली कामाला लागला, तेव्हा त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या. आज पायथन नावाची संगणकभाषा फुकट मिळते, आणि वरचा हिशेब तीत दहा ओळींत मावतो.

परंतु यंत्र हुकमाचे ताबेदार. ०.१ च्या जागी २ सेकंदांचा तुकडा घाला. पहिल्या तुकड्याअखेर वेग १९.६ होतो, अडथळा ओढीच्या सहापट भरतो, आणि दुसऱ्या तुकड्याअखेर थेंब सेकंदाला ७८ मीटर वेगाने आकाशाकडे निघतो! यंत्र हे उत्तरही तितक्याच गंभीरपणे छापते. मजुरीच्या वाटाघाटींत 'हे संगणकाने काढले आहे' असे सांगून आकडे पुढे सरकविले जातात, तेव्हा आम्हांला हा उलटा पाऊस आठवतो, आणि आत काय घातले होते ते आम्ही मागून घेतो.

पडताळ्याची रीत सोपी आहे. तुकडा निम्मा करून पाहा. ०.०५ घेतल्यास ०.३ सेकंदांनंतरचा वेग २.८७ ऐवजी २.८४ येतो, आणखी निम्मा केला की फरक आणखी घटतो. उत्तर असे स्थिरावत नसेल तर तुकडा मोठा आहे, किंवा आज्ञेतच खोट आहे. नवशिक्याने पहिल्या तीन ओळी तरी आधी वहीत, पेन्सिलीने काढाव्यात आणि यंत्राच्या तीन ओळींशी ताडून पाहाव्यात.