विश्लेषण : विमानावर वीज कोसळली, तरी प्रवासी सुरक्षित कसे?

विमान ढगात शिरले आणि खिडकीबाहेर वीज चमकली, की प्रवाशांच्या पोटात गोळा येतो. प्रत्यक्षात एका प्रवासी विमानावर वर्षातून सरासरी एकदा वीज कोसळते आणि बहुतेक वेळा विमान सुखरूप उतरते. हे कशामुळे शक्य होते?

वीज आत का येत नाही?

अ‍ॅल्युमिनियम विजेचे उत्तम वाहक आहे. वीज बहुधा नाकावर किंवा पंखाच्या टोकावर कोसळते, बाहेरच्या पत्र्यातून वाहते आणि शेपटीसारख्या दुसऱ्या टोकातून बाहेर पडते. याला ‘फॅरेडे पिंजरा’ म्हणतात.

आकाशात अर्थिंग कुठले?

घराप्रमाणे जमिनीत तार सोडता येत नाही. त्यामुळे विमानाचा सांगाडाच ‘अर्थ’चे काम करतो. दुचाकीत बॅटरीची निगेटिव्ह तार चासीला जोडतात, तसेच हे.

मग धोका कुठे?

सांध्यांत. रंग, गंज किंवा ग्रीसमुळे दोन भागांतला विद्युतसंपर्क तुटला, तर तिथे ठिणगी पडू शकते. म्हणून बिजागरीवर हलणारे भाग विणलेल्या तारेच्या लवचीक पट्ट्यांनी सांगाड्याला जोडतात. देखभालीत या पट्ट्या आणि जोडांचा विद्युतरोध तपासला जातो.

ठिणगी किती महाग पडते?

८ डिसेंबर १९६३ रोजी अमेरिकेतील एल्कटनजवळ पॅन अ‍ॅमच्या बोइंग ७०७ विमानावर वीज कोसळली. डाव्या पंखातील इंधनटाकीत बाष्पाचा स्फोट झाला आणि विमानातील सर्व ८१ जणांचा मृत्यू झाला. विमान धातूचेच होते. त्यानंतर इंधनटाक्यांच्या वीजसंरक्षणाचे नियम कडक झाले.

उपकरणांचे काय?

पत्र्यातून वाहणारा प्रचंड प्रवाह चुंबकीय क्षेत्र निर्माण करतो. खिडक्या आणि फटींमधून ते आत शिरते आणि वायरिंगमध्ये नको असलेला विद्युतदाब तयार होतो. म्हणून महत्त्वाच्या वायरींवर धातूच्या तारांचे विणलेले आवरण असते. ते सांगाड्याला नीट जोडलेले नसेल, तर त्याचा फारसा उपयोग होत नाही.

नव्या विमानांत काय बदलले?

बोइंग ७८७ च्या सांगाड्याचे निम्मे वजन कार्बन फायबरसारख्या संमिश्र पदार्थांचे आहे. कार्बन फायबर अ‍ॅल्युमिनियमइतकी वीज वाहून नेत नाही. त्यामुळे अशा विमानांच्या रंगाखाली धातूची बारीक जाळी बसवावी लागते. पत्र्यात जे आपोआप मिळत होते, ते आता मुद्दाम घडवावे लागते. नियम मात्र तोच : विजेच्या वाटेत कुठेही खंड पडता कामा नये.