पिवळी वाटाणा डाळ : ओळखावी कशी, शिजवावी कशी



आठवड्याच्या बाजारात तुरीच्या आणि हरभऱ्याच्या डाळीशेजारी आणखी एक पिवळी डाळ मांडलेली असते. दाणा गोल, गुळगुळीत, भाव तुरीपेक्षा बराच कमी. कोणी तिला वाटाणा डाळ म्हणतं, कोणी मटर डाळ. घरी आणली की मात्र तक्रारी सुरू होतात. कुठे ती पातेल्यात चिकटून करपते, कुठे कुकरमधून फेस उडतो, आमटी गार झाली की तिचं पिठलं होतं, आणि घरातली माणसं म्हणतात, "आज डाळीला कसला वास येतोय?" मग उरलेली डाळ डब्याच्या तळाशी पडून राहते.

दोष डाळीचा नाही. आपण तिला तुरीसारखी शिजवतो, तिथं चुकतं. डाळ वेगळी, तिच्या सवयी वेगळ्या. त्या समजून घेतल्या तर स्वस्तात चांगलं अन्न पोटात जातं. दुसरीही एक गोष्ट आहे. ही डाळ नीट ओळखता आली, तर हरभऱ्याच्या नावाखाली आणि हरभऱ्याच्या भावात ती कुणी आपल्या पदरात घालू शकत नाही.

डाळ येते कुठून

आपल्या सासवड-पुरंदर भागात शेंगांसाठी वाटाणा पेरतात, तो हा नव्हे. अर्केल, बोनव्हिला या शेंगांच्या जाती गोड असतात. त्यांचा दाणा वाळला की सुरकुततो. डाळीचा वाटाणा वाळल्यावरही गोल आणि गुळगुळीत राहतो. त्याचं साल काढून दोन फाके केले की ही डाळ तयार होते. न भरडलेला अख्खा दाणा आपल्या चांगल्या ओळखीचा आहे. उसळीला आणि रगड्याला जो पांढरा वाटाणा आपण भिजत घालतो, तोच हा.

आपल्या देशात हे पीक मुख्यतः उत्तर प्रदेश आणि मध्य प्रदेशात रब्बीत घेतात. बाजारातला पुष्कळसा माल मात्र कॅनडा आणि रशियातून जहाजाने येतो. त्या थंड मुलखात वाटाणा वसंतात पेरतात आणि उन्हाळा सरता सरता काढतात. मोठाली सपाट रानं, सगळी कामं यंत्रावर, त्यामुळे माल स्वस्त पडतो. तो इकडे फार आला की हरभरा आणि तूर पिकवणाऱ्याच्या भावावर दाब येतो, ही आपली तक्रार जुनीच आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये सरकारने या वाटाण्यावर ५० टक्के आयात शुल्क बसवलं, डिसेंबर २०२३ मध्ये ते उठवलं आणि नोव्हेंबर २०२५ पासून ३० टक्के शुल्क पुन्हा लावलं. विकणारा शेतकरी आणि विकत घेऊन खाणारं घर, दोन्ही आपणच. म्हणून ही डाळ आवडो न आवडो, तिची माहिती हवीच.

ओळख

मूठभर डाळ पांढऱ्या ताटलीत पसरा आणि उजेडात बघा. वाटाणा डाळीचा फाका म्हणजे जणू गोटीचा अर्धा भाग. पाठ गोल आणि गुळगुळीत, पोट सपाट, कडेला टोक नाही. हरभऱ्याच्या डाळीला एका बाजूला बारीकशी चोच असते आणि पाठ थोडी खडबडीत, उंचसखल असते. तुरीचा फाका या दोन्हींपेक्षा चपटा. चार दिवस बघायची सवय ठेवली की पोत्यात हात घालताच ओळख पटते.

चौथी डाळ मात्र सांभाळायची. ती लाखेची, म्हणजे लाखोळीची. तिचा दाणा गोल नसतो. तो चौकोनी, कडा असलेला आणि एका बाजूला उतरता दिसतो. पूर्व विदर्भातल्या बंधूंना ती वेगळी दाखवायला नको, कारण धानाच्या बांध्यांत ते ती पूर्वापार पेरत आले आहेत. लाखेत एक विषारी द्रव्य असतं. एखाद्या वेळी खाल्ल्याने काही होत नाही. पण दुष्काळात किंवा गरिबीत दोन-तीन महिने रोजचं मुख्य अन्न तेच झालं, तर पाय ताठ होत जातात आणि माणूस पांगळा होतो. एकदा आलेलं हे पांगळेपण औषधाने बरं होत नाही. म्हणूनच १९६१ पासून या डाळीच्या विक्रीवर बंदीचे नियम आले. पुढे शास्त्रज्ञांनी रतन, प्रतीक, महातिवडा अशा कमी विषाच्या जाती काढल्या. घरच्या खाण्यासाठी पेरायचीच असेल तर यांतलीच जात निवडावी. गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकलं, भरपूर पाण्यात शिजवून तेही पाणी ओतून दिलं, तर विष कमी होतं, पण पुरतं जात नाही. वाटाण्यात हे विष नसतं. म्हणजे भीती वाटाण्याची नाही, त्यात मिसळलेल्या लाखेची आहे. सुटी डाळ घेताना कडांचे, चौकोनी दाणे दिसले तर ती घेऊच नका.

आणखी एक साधी परीक्षा. थोडी डाळ पाण्यात टाका. पाणी लगेच पिवळंधमक झालं तर डाळीला वरून रंग दिलेला आहे असं समजा.

आधी कुकरची गोष्ट

वाटाणा डाळीला फेस फार येतो. तो साधा दिसतो, पण त्याबरोबर डाळीची सालं आणि बारीक कण वर चढतात आणि शिट्टीच्या नळीत अडकतात. नळी तुंबली की वाफेला वाट राहत नाही. म्हणून इथं घाई करू नये.

डाळ थेट कुकरमध्ये शिजवणार असाल तर डाळ आणि पाणी मिळून कुकर एक तृतीयांशापेक्षा जास्त भरू नका. भांड्यात घालून ठेवणार असाल तर भांडं निम्मंच भरा. पाण्यात चमचाभर तेल घाला, त्याने फेस बसतो. आधी झाकण न लावता एक उकळी येऊ द्या, वर आलेला फेस पळीने काढून टाका, मगच झाकण लावा. झाकण लावण्याआधी शिट्टीची नळी उजेडापुढे धरून आरपार बघा. शिट्टी धरत नसेल आणि नुसताच फेस बाहेर येत असेल तर आच बंद करा आणि कुकर आपोआप गार होऊ द्या. वाफ कोंडलेली असताना झाकणाशी झटापट करू नका.

भिजवलेल्या डाळीला तीन-चार शिट्ट्या पुरतात. चुलीवर पातेल्यात शिजवायची तर पाऊण तास धरा. ही डाळ तळाशी बसते, म्हणून मधूनमधून पळी तळापर्यंत फिरवत राहा. वरून पाणी लागलंच तर आधणाचं घाला, गार नको.

न शिजण्याची कारणं

"तास झाला तरी डाळ कडकच," असं पुष्कळ भगिनी सांगतात. याची कारणं बहुधा तीनच. पहिलं, डाळ जुनी आहे. उष्ण, दमट जागी बरेच महिने राहिलेली डाळ कितीही शिजवली तरी कणी राहते. दुसरं, पाणी जड आहे. बोअरच्या क्षारांच्या पाण्यात डाळ लवकर मऊ होत नाही. शिजवण्यापुरतं तरी गोडं पाणी घ्यावं. नसेलच तर अगदी चिमूटभर खायचा सोडा चालतो. रोज मात्र घालू नये, त्याने डाळीतलं ब जीवनसत्त्व नासतं. तिसरं कारण सर्वांत जास्त घडणारं. चिंच, आमसूल किंवा टोमॅटो आधीच घातलेला असतो. आंबट पडलं की डाळीचा दाणा आवळून बसतो. डाळ बोटाने चिरडेपर्यंत आंबट घालू नका. मिठाला उगाच दोष देतात, त्याचा एवढा अडथळा होत नाही.

शिजवण्याआधी डाळ दोन-तीन पाण्यांनी धुवा आणि अर्धा-पाऊण तास भिजवा. भिजवलेलं पाणी फेकून नवं पाणी घ्या. पोटात गुबारा धरणाऱ्यांना याचा उपयोग होतो. हिंग आणि आलं हवंच.

आमटी

पाच-सहा माणसांसाठी एक मोठी वाटी, म्हणजे साधारण दीडशे ग्रॅम डाळ घ्या. कुकरमध्ये तिप्पट पाणी, पातेल्यात चौपट. हळद आणि हिंग शिजतानाच घाला. शिजली की घोटण्याची फारशी गरज नाही, ही डाळ आपणच विरघळते. हरभऱ्याची डाळ दाणेदार राहते, हिचं मात्र मऊ खळ होतं. तिचा मोठा फरक तो हाच.

फोडणी जरा तेज करा. तेलात मोहरी, जिरं, सात-आठ पाकळ्या ठेचलेला लसूण, कढीपत्ता, सुकी मिरची. वासाची तक्रार इथंच मिटते. वाटाण्याचा हिरवट वास लसणाने आणि आल्याने जातो, नुसत्या मोहरीच्या फोडणीने जात नाही. फोडणीत शिजलेली डाळ ओता, गोडा मसाला किंवा घरचा काळा मसाला घाला, मग चिंचेचा कोळ. गूळ तुरीच्या आमटीला घालता त्याच्या निम्मा घाला, कारण ही डाळ मुळातच गोडसर आहे. पाणी नेहमीपेक्षा थोडं जास्त ठेवा. गार झाल्यावर ती घट्ट होते, आणि रानात न्यायची असेल तर भाकरीबरोबर ती घट्टच बरी.

बंगालात या डाळीत दुधी भोपळ्याच्या फोडी घालतात. आपल्याकडेही करून बघा. डाळ अर्धी शिजली की फोडी टाका. हाताशी मुळा, शेवगा असेल तर तोही चालतो. पालक आणि मेथी शेवटी.

शंभर ग्रॅम कोरड्या डाळीत वीस ते पंचवीस ग्रॅम प्रथिनं असतात, म्हणजे तुरीच्या तोडीस तोड. ज्वारी-बाजरीच्या भाकरीत प्रथिनांचा जो अंश कमी पडतो तो डाळीत असतो, आणि डाळीत कमी पडणारा भाकरीत. त्यामुळे दोन्ही एका ताटात असावीत. लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना वरचं पाणी न देता खालची घट्ट डाळ द्या. पोषण तिच्यात आहे.

वडे, पिठलं आणि पुरण

वड्यांना ही डाळ उत्तम. तीन-चार तास भिजवा, चाळणीत पूर्ण निथळा आणि पाणी न घालता पाट्यावर जाडसर वाटा. मूठभर अख्खी डाळ बाजूला ठेवून नंतर मिसळा, वडा खुसखुशीत होतो. कांदा, हिरवी मिरची, आलं, कोथिंबीर, थोडी बडीशेप. मीठ तळायच्या वेळीच घाला, नाहीतर कांद्याला पाणी सुटतं आणि मग पीठ मिसळत बसावं लागतं. आच मध्यम ठेवा.

पिठल्यासाठी डाळ आधी कढईत मंद आचेवर खमंग भाजा आणि गार करून गिरणीत द्या. न भाजता दळलेल्या पिठाच्या पिठल्याला कच्चट वास राहतो.

पुरणाला मात्र हरभऱ्याचीच डाळ घ्यावी. वाटाण्याची डाळ फार मऊ होते, पुरण सैल आणि चिकट पडतं, आणि सणाच्या दिवशी पोळी फुटली की सगळ्यांचाच विरस. पण याच डाळीची तिखटमिठाची पोळी फार छान होते. मॉरिशसमध्ये ती घरोघरी आणि रस्तोरस्ती खातात. १८३४ पासून उसाच्या मळ्यांवर जे हिंदी मजूर तिकडे नेले, त्यांत कोकणातली मराठी माणसंही होती. त्यांचे वंशज आज तिथलेच नागरिक आहेत. तिकडे तिला दालपुरी म्हणतात. डाळ हळदीच्या पाण्यात फक्त बोटाने तुटेल इतपतच शिजवायची, पाणी पूर्ण निथळायचं, कोरडी करून भुग्यासारखी वाटायची, आणि मीठ व भाजलेल्या जिऱ्याची पूड घालून पुरणासारखी भरायची. इथं सारण कोरडं असल्याने पोळी फुटत नाही. निथळलेलं पिवळं पाणी फेकू नका, त्यातच कणीक भिजवा. ही पोळी शिदोरीला दुपारपर्यंत मऊ राहते.

बेसन घेताना

कायद्याने बेसन म्हणजे हरभऱ्याच्या डाळीचं पीठ, दुसरं काही नाही. वाटाण्याचं पीठ त्यात मिसळून विकणं ही भेसळ. वाटाण्याचं पीठ खाण्याला वाईट नाही, पण पैसे हरभऱ्याचे द्यायचे आणि घ्यायचा वाटाणा, हे कशाला? डाळ डोळ्याने ओळखता येते, पीठ येत नाही. दळून झाल्यावर घरी खात्रीने ओळखण्याची सोपी रीत नाही. ज्यांच्या रानात हरभरा होतो त्यांनी वर्षाचं बेसन बाजारातून आणू नये. घरचा हरभरा भरडून, लागेल तसा महिन्याला गिरणीतून दळून आणावा.

वाटाणा डाळही एकदम पोतंभर घेऊन ठेवू नका. दोन महिन्यांपुरती घ्या, एक कडक ऊन द्या, गार झाली की कोरड्या डब्यात घट्ट झाकण लावून ठेवा. अख्ख्या वाटाण्याला भुंगेरे लवकर लागतात, डाळीला त्या मानाने कमी. पावसाळ्यात मात्र पंधरा दिवसांनी एकदा डबा उघडून हात घालून बघत जा.